पोट साफ होण्याची धास्ती आणि जुलाबाची औषधे : काय घ्यावं, कसं घ्यावं, कधी थांबावं

कुळगी (ता. जोयडा) : दांडेलीच्या मेडिकलमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय सगळ्यात सहज मिळणाऱ्या औषधांत पोट साफ करण्याची औषधे येतात. चूर्ण, गोळी, पातळ औषध, इसबगोल, एरंडेल. कुळगी, अंबिकानगर, गणेशगुडी या पट्ट्यातली माणसं बाजाराला गेली की घरातल्या म्हाताऱ्यांसाठी एखादी डबी घेऊनच येतात. 'आयुर्वेदिक आहे, त्याने काय होतंय' असं म्हणत ती डबी वर्षानुवर्षं चालू राहते. दुसरीकडे, तरुण मुलं रोज शौचाचा रंग बघून मोबाईलवर शोध घेतात आणि कर्करोगाच्या भीतीने रात्र जागून काढतात. ह्या दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून आहेत. म्हणून औषधांची आणि भीतीची माहिती इथे एकत्र दिली आहे.

रोज एकदा झालंच पाहिजे का?

नाही. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, एवढा मोठा पल्ला वैद्यकशास्त्र नॉर्मल मानतं. कुणाला रोज सकाळी चहाबरोबर होते, कुणाला एक दिवसाआड. शौच मऊ असेल, जोर करावा लागत नसेल, नंतर हलकं वाटत असेल तर एक दिवस चुकला म्हणजे बद्धकोष्ठ झालं असं नाही.

बद्धकोष्ठ कधी म्हणायचं? आठवड्यात तीनपेक्षा कमी वेळा, खड्यासारखी कडक, खूप कुंथावं लागणं, अर्धवट झाल्यासारखं वाटणं, यातल्या दोन-तीन गोष्टी बरेच आठवडे चालू असतील तर. शौचाचा प्रकार सांगायला डॉक्टर 'ब्रिस्टल तक्ता' वापरतात. हा तक्ता इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात तयार झाला आणि १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सात प्रकार आहेत. पहिले दोन म्हणजे बद्धकोष्ठ, तीन आणि चार म्हणजे उत्तम, पुढचे पातळ होत जाणारे.

मग रोजचा आग्रह आला कुठून? 'मळ पोटात राहिला की त्याचं विष अंगात भिनतं' ही समजूत जगभर होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचे नामांकित सर्जन सर विल्यम आर्बथनॉट लेन यांनी तर या समजुतीपायी रुग्णांची मोठी आतडी कापून काढली. पुढे ही कल्पना टिकली नाही. मळ दोन दिवस आत राहिला तर अस्वस्थ वाटतं, पोट जड होतं, पण रक्तात विष जात नाही.

गांधीजींनाही हाच त्रास

आपल्याकडचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण गांधीजींचं. 'सत्याचे प्रयोग' या आत्मकथेत त्यांनी जोहान्सबर्गच्या दिवसांबद्दल मोकळेपणाने लिहिलंय. बद्धकोष्ठ आणि डोकेदुखी असायची, अधूनमधून रेचक घेऊन आणि खाणं सांभाळून ते दिवस काढत, पण या रेचकांच्या जाचातून आपण कधी सुटणार हा विचार डोक्यात कायम असे. त्यांनी सकाळची न्याहारी सोडली, तेव्हा डोकेदुखी गेली. आपण गरजेपेक्षा जास्त खात होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. बद्धकोष्ठ मात्र राहिलं. मग पाण्याचे, मातीचे उपचार केले.

त्यांचे मातीचे उपचार आज कुणी करावेत असं नाही. त्यांचा मूळ प्रश्न मात्र आजही हजारो घरांत आहे : औषधाने होतं, पण औषध सुटत नाही. २०१५ साली आलेल्या 'पिकू' सिनेमात अमिताभ बच्चनचा भास्कोर बॅनर्जी आपल्याला हसवतो तो याच कारणाने. प्रत्येकाच्या घरी तसा एक माणूस असतो.

औषध सुटत का नाही? हिशोब समजून घ्या

मोठ्या आतड्यातून मळ पुढे सरकायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. रोज जेव्हा नैसर्गिक होते तेव्हा शेवटचा भागच रिकामा होतो. जोरदार जुलाब घेतला की बराच मोठा भाग एकदम रिकामा होतो. तो परत भरायला दोन-तीन दिवस लागणारच. त्या दोन दिवसांत शौचाला होत नाही, कारण आत काही नाही. पण माणूस म्हणतो, 'बघ, औषध बंद केलं की लगेच अडलं!' आणि तिसऱ्या दिवशी परत चूर्ण घेतो.

जुलाब झाल्यावर दोन-तीन दिवस वाट बघायची, एवढी एक गोष्ट कळली तरी अनेकांची डबी सुटेल.

औषधांचे चार गट

१) चोथा वाढवणारी : इसबगोल हे यातलं प्रमुख. पाणी धरून फुगतं, मळ मऊ होतो. परिणामाला अर्धा दिवस ते तीन दिवस लागतात. पोट फुगणं, गॅस होणं हे सुरुवातीचे त्रास. धोका एकच, पण मोठा : कमी पाण्यात किंवा कोरडं घेतलं तर घशात किंवा आतड्यात अडकू शकतं. पूर्ण ग्लासभर पाण्यात घालून लगेच प्यावं, वर आणखी पाणी घ्यावं आणि घेऊन लगेच आडवं होऊ नये. गिळायला त्रास असलेल्या माणसांना देऊ नये. बाकीच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर गोळीचा अंश शरीरात कमी जातो.

२) पाणी ओढणारी : लॅक्टुलोज, पॉलिइथिलीन ग्लायकॉल (पीईजी) पावडर आणि मॅग्नेशियमचं दुधासारखं पांढरं औषध. लॅक्टुलोजला एक-दोन दिवस लागतात, गॅस बराच होतो. पीईजीला एक ते तीन दिवस लागतात, दीर्घकाळ घ्यायला डॉक्टर बहुतेक वेळा हेच सुचवतात. मॅग्नेशियम काही तासांतच काम करतं, पण किडनी कमजोर असलेल्यांच्या रक्तात ते साठतं. सुस्ती येते, बीपी उतरतं, नाडी मंदावते. किडनीच्या रुग्णाने आणि वयस्करांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. याच गटातल्या सोडियम फॉस्फेटबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली इशारा दिला होता : दिवसात एकापेक्षा जास्त मात्रा घेतल्यास किडनी आणि हृदयाला गंभीर इजा होऊ शकते.

३) आतड्याला चाळवणारी : बिसाकोडिल गोळी, सोनामुखी (सेन्ना), एरंडेल. बाजारातल्या बऱ्याच 'आयुर्वेदिक' चूर्णांत मुख्य काम सोनामुखीच करते. डबीच्या मागची यादी वाचा. रात्री घेतलं की सहा ते बारा तासांत होतं. पोटात कळा येणं हा नेहमीचा त्रास. बिसाकोडिलची गोळी चावू नये, कुटू नये, दूध किंवा ॲसिडिटीच्या औषधाबरोबर घेऊ नये. वरचं आवरण पोटातच विरघळलं तर जळजळ आणि मुरडा होतो. गरोदर बाईने एरंडेल घेऊ नये, त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं.

४) वंगण घालणारी : लिक्विड पॅराफिन. हे तेलकट औषध झोपलेल्या, आजारी म्हाताऱ्या माणसाला किंवा लहान मुलाला पाजताना श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला सूज येते. रोज घेत राहिल्यास अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत.

आणि जमालगोटा? त्याचं नावच काढू नका. त्याचं बी विषारी आहे. वैद्यसुद्धा ते शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत. गंमत म्हणून कुणाला खाऊ घालणं हा जीवाशी खेळ आहे.

जास्त झालं तर काय होतं?

जुलाबातून पाण्याबरोबर क्षार जातात. त्यातलं पोटॅशियम सगळ्यात महत्त्वाचं. रक्तात ते ३.५ ते ५ च्या आसपास असायला हवं. ते खाली गेलं की पायांत गोळे येतात, हातपाय गळून जातात, छातीत धडधड होते आणि फारच कमी झालं तर हृदयाचे ठोके बिघडतात. गंमत अशी की पोटॅशियम कमी झालं की आतडीही मंदावतात. म्हणजे बद्धकोष्ठ वाढतं आणि माणूस आणखी जुलाब घेतो.

सगळ्यात जपायचं ते या लोकांनी : बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असलेले, हृदयासाठी डिगॉक्सिन घेणारे, किडनीचे रुग्ण आणि सत्तरीपुढचे. घरातली आजी दोन दिवस 'कसंतरीच होतंय, ताकद नाही' म्हणत असेल तर तिला काय होतंय हे विचारताना 'चूर्ण किती घेतेस?' हेही विचारा. वय झालं म्हणून सोडून देऊ नका. रक्ताची साधी तपासणी करून घ्या.

आता दोन गोष्टी, ज्यांना लोक उगाच घाबरतात :

काळपट आतडं. सोनामुखी महिनोन्‌महिने घेणाऱ्यांच्या आतड्याचं अस्तर दुर्बिणीतून काळं-तपकिरी दिसतं. याला 'मेलॅनोसिस कोलाय' म्हणतात. रिपोर्टवर हे नाव वाचून माणूस हबकतो. पण हा कर्करोग नाही. औषध बंद केल्यावर काही महिन्यांत रंग जातो. सोनामुखीने लघवीही लालसर-तपकिरी होऊ शकते.

'आतडी कायमची निकामी होतात.' नेहमीच्या मात्रेत घेतलेल्या औषधांनी आतड्याच्या नसा कायमच्या मरतात, याला भक्कम पुरावा नाही. आतड्याचं काम मंद असलेल्या काही रुग्णांना डॉक्टर स्वतः बराच काळ औषध देतात. तेव्हा दहा वर्षं चूर्ण घेतलं म्हणून आता सगळं संपलं असं समजू नका. पण एकदम तोडूही नका. डॉक्टरच्या सल्ल्याने आधी इसबगोल किंवा पीईजीवर या, मग मात्रा हळूहळू कमी करा.

बद्धकोष्ठाचं कारण दुसऱ्याच गोळीत असू शकतं

लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, ॲसिडिटीची ॲल्युमिनियमवाली औषधं, बीपीच्या काही गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, दुखण्यावरच्या ट्रामाडोलसारख्या गोळ्या, मनाच्या आजारावरची काही औषधं, या सगळ्यांनी पोट अडतं. थायरॉईड कमी असणं आणि मधुमेह ही आणखी दोन कारणं. डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या.

पोटाची धास्ती : हा आजार आहे, नाटक नाही

आतड्याच्या भिंतीत नसांचं स्वतःचं मोठं जाळं आहे आणि ते मेंदूशी सतत बोलत असतं. परीक्षेच्या आधी पोट ढवळतं ते याचमुळे. भीती वाटली की आतड्याची हालचाल बदलते, हालचाल बदलली की शौच बदलते, ती बघून भीती वाढते. आतल्या साध्या गुडगुडीकडेही लक्ष लागून राहतं आणि तीच दुखण्यासारखी जाणवते.

'आयबीएस' हा विकार याच नात्यातला. २०१६ च्या 'रोम ४' निकषांनुसार, गेले तीन महिने आठवड्यातून निदान एक दिवस पोट दुखणं आणि त्याचा शौचाशी संबंध असणं, शौचाची वेळ किंवा घट्ट-पातळपणा बदलणं, आणि हा त्रास सुरू होऊन सहा महिने झालेले असणं, अशी त्याची ओळख आहे. यात त्रास खरा असतो. पण त्यातून कर्करोग होत नाही.

धास्तीची लक्षणं अशी : प्रत्येक वेळी शौच निरखून बघणं, दिवसातून अनेकदा पोट दाबून गाठ शोधणं, मोबाईलवर तेच तेच शोधणं, घरच्यांना 'काही नसेल ना?' असं पुन्हा पुन्हा विचारणं, रिपोर्ट चांगला आला तरी दोन दिवसांत परत शंका, एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे. आजाराची अशी भीती महिनोन्‌महिने राहिली तर तिला स्वतंत्र निदान आहे. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ते 'आजाराच्या चिंतेचा विकार' या अर्थाच्या नावाने आहे.

काय करता येतं?

- शौचाकडे बघायचं ते एकदाच. फोटो काढणं, साठवणं बंद.
- दोन आठवडे साधी नोंद ठेवा : तारीख, ब्रिस्टलचा आकडा, दुखलं का. ती डॉक्टरला दाखवा आणि नोंद थांबवा.
- एकच डॉक्टर धरा. तपासणी किती आणि कोणती, ते त्यांना ठरवू द्या.
- रात्री मोबाईलवर आजार शोधायचा नाही. शोध घेण्याची ऊर्मी आली की अर्धा तास पुढे ढकला. बऱ्याचदा ती ओसरते.
- घरच्यांनी 'मनाचे खेळ आहेत' म्हणू नये, आणि दर तासाला 'काही नाही रे' असा दिलासाही देऊ नये. दिलासा तेवढ्यापुरता पुरतो, मग परत लागतो. 'डॉक्टरने सांगितलंय, आता जेवायला चल' एवढं पुरे.

यावर समुपदेशनाचा ठरावीक उपचार आहे, गरज पडली तर औषधंही आहेत. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून मोफत आहे. प्रत्यक्ष दाखवायचं तर धारवाडला 'डिमहान्स' ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. गोव्याकडे जाणं सोयीचं असेल तर बांबोळीला 'आयपीएचबी' आहे. तालुका रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात ते आधी विचारून घ्या.

ही लक्षणं मात्र थांबू देऊ नका

धास्ती कमी करा म्हणजे सगळंच सोडून द्या असा अर्थ नाही. खालीलपैकी काही असेल तर घरचं औषध बंद आणि डॉक्टरकडे :

- शौचातून रक्त, किंवा डांबरासारखी काळी, चिकट शौच. (लोहाच्या गोळीनेही काळी होते आणि बीट खाल्ल्याने लाल. ते आधी आठवा, पण खात्री नसेल तर दाखवा.)
- कारण नसताना वजन उतरणं, रक्त कमी होणं.
- पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच शौचाची सवय बदलणं आणि ती काही आठवडे तशीच राहणं.
- झोपेतून उठवणारं दुखणं किंवा जुलाब.
- आई-वडील, भावंडं यांना आतड्याचा कर्करोग झालेला असणं.

रक्त बहुतेक वेळा मूळव्याधीचं असतं. पण 'मूळव्याधच असेल' म्हणून वर्षभर मलम लावत बसणं हीच मोठी चूक ठरते.

आणि हे तातडीचं : पोट फुगून कडक झालंय, उलट्या होताहेत, शौच आणि वाराही सरत नाही, किंवा ताप आणि उजव्या बाजूला खाली दुखतंय. अशा वेळी जुलाब अजिबात देऊ नका. आतडं अडलेलं असेल किंवा अपेंडिक्स सुजलेलं असेल तर जुलाबाने ते फुटू शकतं. १०८ ला फोन करा. जंगलातल्या वाडीतून रस्त्यापर्यंत यायलाच वेळ जातो, म्हणून सकाळची वाट बघू नका.

औषधाआधी काय?

आपल्या भागातलं जुनं जेवण या बाबतीत चांगलंच आहे : नाचणी, कुळीथ, पालेभाजी, फणस, कणगं-कोनासारखी कंदमुळं. जोयड्याच्या कुणबी लोकांनी ही कंदमुळं जपली, त्यांचा मेळाही जोयड्यात भरतो. बिस्किट, मैद्याचा पाव आणि पाकिटातलं खाणं वाढलं तसा चोथा कमी झाला. चोथा हळूहळू वाढवा, एकदम वाढवला तर पोट फुगतं. पाणी पुरेसं प्या. हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णाने किती प्यायचं ते डॉक्टरला विचारावं.

जेवल्यावर वीस-तीस मिनिटांत आतड्याला आपोआप चालना मिळते. न्याहारीनंतरची ती वेळ चुकवू नका. कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट ठेवा, गुडघे कमरेपेक्षा वर आले की सोपं जातं. मोबाईल घेऊन अर्धा तास बसू नका. घरात किंवा जवळ संडास नसल्यामुळे, अंधारात बाहेर पडायची भीती म्हणून बायका आणि मुली कळ दाबून ठेवतात. त्याने मळ कडक होत जातो. ही अडचण चूर्णाने सुटणारी नाही, त्यासाठी घराजवळ संडास आणि दिवा लागतो.

दवाखान्यात सांगायचं कसं?

आपल्याकडे बऱ्याचदा डॉक्टर कन्नड बोलणारे आणि पेशंट मराठी-कोंकणी. लाजेमुळे आणि भाषेमुळे माणूस फक्त 'पोट बरं नाही' म्हणून गोळी घेऊन येतो. हे शब्द लक्षात ठेवा : बद्धकोष्ठ म्हणजे 'मलबद्धते', जुलाब म्हणजे 'भेदी', पोटदुखी म्हणजे 'होट्टे नोवु', गोळी म्हणजे 'मात्रे', वजन म्हणजे 'तूक', भीती म्हणजे 'भय'. रक्ताला कन्नडमध्येही 'रक्त'च म्हणतात, तेव्हा तो शब्द तरी न लाजता सांगा. किती दिवस झाले, आणि आजवर कोणतं चूर्ण, किती चमचे घेतलं, तेही सांगा. डबी सोबत न्या. डॉक्टरला तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडते.